पाहणाऱ्याच्या नजरेतला वंश

भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण १९१३ साली अमेरिकेत गेला, पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिथल्या सैन्यात भरती झाला आणि पुढे त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्या काळी बाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्व हवे असेल तर तो एकतर ‘गोरा’ असावा लागे किंवा आफ्रिकी वंशाचा. १९२२च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की कातडी उजळ असून भागत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंडच्या बाजूने तोच आधार घेण्यात आला. त्या वेळचे मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन मानत होते, तेव्हा थिंडला नाकारण्याचे कारणच उरत नव्हते. पण अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३मध्ये, त्याच न्यायालयाने त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांच्या लेखणीतून वेगळा निकाल दिला. शास्त्र काय म्हणते हा प्रश्नच नाही, सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा समजतो तोच कायद्याच्या दृष्टीने गोरा, असा त्याचा अर्थ होता. या निकालानंतर अनेक हिंदी माणसांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. त्यांतले एक वैष्णोदास बगाई. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे दुकान होते, बायको होती, तीन मुले होती. नागरिकत्व गेले, मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला, दुकान विकावे लागले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि जाताना आपली कैफियत एका वृत्तपत्राच्या नावाने लिहून ठेवली.

हा निकाल अन्यायाचा होता, पण न्यायालयाला अभिप्रेत नसलेले एक सत्य त्यातून बाहेर पडले. व्यवहारात वंश हा माणसाच्या रक्तात नसतो, आणि तो स्वतःला कोण मानतो यावरही ठरत नाही. समोरचा त्याला काय समजतो यावर तो ठरतो. समोरचा म्हणजे बहुतेक वेळा नोकरी देणारा, बढती देणारा, घर भाड्याने देणारा, औषध लिहून देणारा. जनुकशास्त्राने वंशाच्या जुन्या कल्पना केव्हाच मोडीत काढल्या, तरी वंशभेद संपला नाही, याचे कारण इथे आहे. भेदभाव करणाऱ्याला जनुके दिसत नाहीत. त्याला नाव, केस, कातडी, बोलण्याचा हेल आणि अंगावरचे कपडे दिसतात, आणि तेवढ्यावर तो निर्णय घेतो. म्हणून नोकरीतला वंशभेद आणि त्यातून मनाला होणारी इजा समजून घ्यायची असेल, तर ज्याला इजा होते त्याच्यापेक्षा जो पाहतो त्याच्याकडे आधी लक्ष दिले पाहिजे. उपायही तिथेच शोधावे लागतील.

पाहणाऱ्याच्या नजरेचे मोजमाप करण्याची एक साधी पद्धत अर्थशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी वापरली आहे. शिक्षण तेच, अनुभव तोच, असे काल्पनिक अर्ज तयार करायचे, फक्त नाव बदलायचे आणि कोणाला बोलावणे येते ते मोजायचे. मरियन बर्ट्रँड आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी बोस्टन आणि शिकागो या शहरांतल्या तेराशेहून अधिक जाहिरातींना सुमारे पाच हजार असे अर्ज पाठवले. २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की एमिली किंवा ग्रेग अशा, गोऱ्यांमध्ये प्रचलित असलेल्या नावांच्या अर्जांना सरासरी दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, तर लकीशा किंवा जमाल अशा, कृष्णवर्णीयांमध्ये प्रचलित नावांना पंधरा अर्जांमागे एक. अर्ज अधिक चांगला केला, अनुभव वाढवला, तर त्याचा फायदा एमिलीला भरपूर झाला आणि लकीशाला फारच थोडा. हे मला आकड्यांतल्या तफावतीपेक्षाही गंभीर वाटते, कारण ‘शिका, गुणवत्ता वाढवा, दारे उघडतील’ हा जो सल्ला आपण सगळ्या वंचितांना देतो, त्याचीच धार इथे बोथट होते. डीव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात कागदाऐवजी माणसेच पाठवली. बोलण्यावागण्यात सारख्या अशा तरुणांच्या दोन जोड्या, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. प्रत्येक जोडीतल्या एकाने आपण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगला आहे असे सांगायचे. तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्या उमेदवाराला १७ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, आणि निष्कलंक कृष्णवर्णीयाला १४ टक्के ठिकाणांहून.

अशा चोवीस प्रयोगांचा एकत्रित आढावा लिंकन क्विलियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली घेतला. १९८९पासून पुढच्या पंचवीस वर्षांत कृष्णवर्णीयांबाबतचा हा भेद कमी झाल्याचे त्यांना दिसले नाही. गोऱ्या उमेदवाराला सरासरी ३६ टक्के अधिक बोलावणी येत राहिली. या काळात लोकांची मते बदलली होती, वंशद्वेषाची भाषा सभ्य समाजातून हद्दपार झाली होती, अध्यक्षपदावर एक कृष्णवर्णीय माणूस दोनदा निवडून आला होता. नोकरीसाठी आलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यावरून फिरणारी नजर मात्र तशीच राहिली.

ही नजर स्थिर नसते, हे आणखी महत्त्वाचे. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात त्याच माणसांच्या मुलाखती १९७९पासून अनेक वर्षे घेतल्या गेल्या, आणि मुलाखत संपल्यावर समोरची व्यक्ती आपल्याला कोणत्या वंशाची वाटली याची नोंद मुलाखत घेणाऱ्याने करायची होती. अलिया सॅपरस्टीन आणि अँड्र्यू पेनर यांनी या नोंदी तपासल्या. सुमारे वीस टक्के माणसांच्या बाबतीत ही नोंद निदान एकदा बदललेली निघाली. बदलाला दिशाही होती. माणूस बेकार झाला, दारिद्र्यात गेला किंवा तुरुंगात जाऊन आला, की पुढच्या वेळी तो ‘गोरा’ म्हणून नोंदला जाण्याची शक्यता घटत होती. मानसशास्त्रज्ञ जोनाथन फ्रीमन यांनी याची प्रयोगशाळेतही परीक्षा घेतली. संगणकाच्या पडद्यावर तोच चेहरा कधी सुटाबुटात, कधी सफाई कामगाराच्या कपड्यांत दाखवला आणि लोकांना त्याचा वंश सांगायला लावला. सफाईच्या कपड्यांतला चेहरा कृष्णवर्णीय वाटण्याची शक्यता वाढली. ज्यांनी शेवटी ‘गोरा’ असेच उत्तर दिले, त्यांचाही हात माऊस सरकवताना आधी दुसऱ्या पर्यायाकडे झुकत होता. वंशावरून लायकी ठरते हे आपल्याला ठाऊक होते. दर्जावरून वंशही ठरवला जातो, हे या अभ्यासांनी दाखवले. ज्याच्या अंगावर हलक्या कामाचे कपडे, त्याला पाहणारी नजर त्याच्या कातडीचा रंगसुद्धा गडद करते.

आणि माहिती लपवली म्हणजे नजर निवळते असेही नाही. पूर्वी गुन्हा केलेल्यांना नोकरीत संधी मिळावी म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी अर्जावरचा गुन्ह्याविषयीचा प्रश्न काढून टाकला. हेतू चांगला होता आणि त्याचा फायदा कृष्णवर्णीय तरुणांना अधिक व्हायला हवा होता. अमांडा एगन आणि सोन्या स्टार यांनी न्यू जर्सी व न्यू यॉर्क शहरात या बदलाच्या आधी आणि नंतर मिळून सुमारे पंधरा हजार अर्ज पाठवले. प्रश्न विचारणाऱ्या कंपन्यांकडून आधी गोऱ्यांना केवळ सात टक्के अधिक बोलावणी येत होती. प्रश्न काढल्यावर हे अंतर ४३ टक्क्यांवर गेले. उमेदवार गुन्हेगार नाही हे सांगणारी रेघ कागदावरून गेली, तेव्हा मालकाने ती रिकामी जागा आपल्या कल्पनेने भरली, आणि त्या कल्पनेत कृष्णवर्णीय नाव म्हणजे बहुधा गुन्हेगार.

या सगळ्याची जाणीव उमेदवारांना नसते असे कसे म्हणावे? टोरोंटोतल्या सोनिया कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की कृष्णवर्णीय आणि आशियाई विद्यार्थी बायोडेटातून आपल्या वंशाच्या खुणा पुसतात. नाव इंग्रजी वळणाचे करतात, आपल्या समाजाच्या संस्थेत केलेले काम गाळतात. त्यांनी असे अर्ज पाठवून पाहिले, तेव्हा खुणा पुसलेल्या कृष्णवर्णीय अर्जांना २५ टक्के बोलावणी आली, न पुसलेल्यांना १० टक्के. आशियाई अर्जांत हेच प्रमाण २१ आणि साडेअकरा टक्के. ‘आम्ही सर्व समाजांचे स्वागत करतो’ असे जाहिरातीत लिहिणाऱ्या कंपन्याही यात मागे नव्हत्या. परदेशातल्या मराठी घरांत मुलाचे नाव ठेवताना ते ‘तिकडच्या लोकांना उच्चारता येईल का’ हा विचार आता सहज होतो. तो सोयीचा विचार आहेच. पण त्या सोयीची किंमत कोण देतो आणि कोणाला ती द्यावी लागत नाही, हे या आकड्यांवरून कळते.

आता मनाकडे येऊ. अमेरिकेतल्या डॉ. कमारा जोन्स यांनी सरकारी आरोग्य सर्वेक्षणात दोन वेगळे प्रश्न विचारले जावेत असा आग्रह धरला. तुम्ही स्वतःला कोणत्या वंशाचे मानता, हा एक. इतर लोक तुम्हाला सहसा कोणत्या वंशाचे समजतात, हा दुसरा. आठ राज्यांतली २००४ सालची उत्तरे तपासून त्यांनी २००८ साली लिहिले, की जे स्वतःला हिस्पॅनिक किंवा मूळनिवासी मानतात पण इतरांना गोरे वाटतात, त्यांचे आरोग्य, इतरांनाही हिस्पॅनिक किंवा मूळनिवासीच वाटणाऱ्यांपेक्षा बरेच चांगले असते. घर, संस्कृती, वारसा तोच असतानाही बाहेरच्यांनी लावलेल्या पाटीनुसार प्रकृती बदलते. मनाच्या बाबतीत यामागची वाट बरीच स्पष्ट आहे. भेदभावाचे उघड प्रसंग अधूनमधून येतात, पण ते येतील या तयारीत माणूस रोज राहतो. बैठकीत आपला आवाज चढला तर ‘रागीट’ म्हणतील, म्हणून तोलून बोलायचे. आपली चूक सगळ्या समाजाच्या खाती जमा होईल, म्हणून दुप्पट तपासायचे. ही सतत ताणलेली सावधगिरी झोप खाते, रक्तदाब वाढवते आणि चिंता व नैराश्याला जागा करून देते. यिन पॅराडाइज आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली २९३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वंशभेदाचा सर्वांत ठळक संबंध मानसिक आरोग्याशीच आढळला.

यात सर्वांत जाचक गोष्ट मला वाटते ती संशयाची. उघड शिवी दिली तर निदान शत्रू कोण ते कळते. पण बढती हुकली, ती कामामुळे की रंगामुळे? साहेबांनी कौतुक केले, ते मनापासून की आपण पक्षपाती दिसू नये म्हणून? जेनिफर क्रॉकर, ब्रेंडा मेजर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली याचा फार सूचक प्रयोग प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एका गोऱ्या परीक्षकाकडून अभिप्राय मिळणार होता. मधल्या काचेवरचा पडदा कधी उघडा होता, म्हणजे परीक्षकाने आपल्याला पाहिले आहे हे विद्यार्थ्याला माहीत होते, तर कधी बंद. पडदा उघडा असताना प्रतिकूल अभिप्रायाची झळ कमी बसली, कारण तो पूर्वग्रहाच्या माथी मारता आला. पण त्याच वेळी चांगल्या अभिप्रायाने विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढण्याऐवजी खालावला. आपण दिसतो आहोत या जाणिवेने शाबासकीसुद्धा निरुपयोगी केली. कामाच्या ठिकाणी माणूस उभा राहतो तो आपले काम आणि त्याला मिळणारी दाद यांच्या नात्यावर. ते नातेच अविश्वासाचे झाले, तर पगार वेळेवर मिळूनही मन पोखरत जाते.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की ज्याचे मन आधीच खचलेले आहे त्याला सगळीकडे भेदभाव दिसतो. म्हणजे आजार आधी आणि तक्रार नंतर. सर्वेक्षणांतल्या उत्तरांपुरता हा आक्षेप रास्त आहे आणि संशोधकही तो मान्य करतात. म्हणूनच जिथे पीडिताचे मत विचारलेच जात नाही असे पुरावे महत्त्वाचे. वर सांगितलेले अर्जांचे प्रयोग त्यातले. त्याहून बोलका पुरावा डायन लॉडरडेल यांचा आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात झालेल्या जन्मांच्या नोंदी त्यांनी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिल्या. अरबी नावाच्या स्त्रियांच्या पोटी कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढले होते. इतर समाजांच्या स्त्रियांत अशी वाढ नव्हती. नवजात बाळाच्या वजनात कोणाचा समज-गैरसमज मिसळलेला नसतो. आणि इजा करणाऱ्यांनी नावगाव तरी कुठे विचारले? ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी या पेट्रोल पंपाच्या मालकाला अरब समजून गोळी घातली गेली. २०१७ साली कॅन्ससमध्ये हैदराबादचे अभियंता श्रीनिवास कुचिभोतला यांना मारणाऱ्याने आपण इराणी माणसांवर गोळ्या झाडल्याचे सांगितले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. भेदभावाने मन खचत असेल, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत नैराश्य जास्त हवे. प्रत्यक्षात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी तीव्र नैराश्य आलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांत जवळपास १८ टक्के, तर आफ्रिकी अमेरिकनांत दहाच्या थोडे वर होते. कुटुंब, चर्च, शेजार, पिढ्यान्‌पिढ्या शिकलेला चिवटपणा यांनी माणसे तगतात, हे खरे मानायलाच हवे. ‘सगळे पीडित मनाने मोडलेले’ हे चित्रही एक अपमानच आहे. पण त्याच पाहणीची पुढची ओळ वाचावी. ज्यांना नैराश्य आले, त्यांच्यात ते दीर्घकाळ टिकून राहण्याचे प्रमाण गोऱ्यांत ३९ टक्क्यांच्या आसपास, तर कृष्णवर्णीयांत ५६ टक्के होते. आजार कमी जणांना होतो, पण झाला की सोडत नाही, आणि निम्म्याहून कमी जणांना उपचार मिळतात. चिवटपणाचा हिशेब शरीराला चुकवावा लागतो, असे आर्लीन जेरोनिमस १९९२पासून सांगत आल्या आहेत. सतत तगून राहण्याने शरीर अकाली झिजते.

नावावरून वंश नव्हे तर गरिबी ओळखली जाते, असाही एक आक्षेप घेतला जातो. त्यात थोडे तथ्य आहे, पण मिलवॉकीत नावे नव्हती, समोर उभी असलेली माणसे होती, आणि त्यांचे शिक्षण, कपडे, बोलणे सारखे ठेवलेले होते.

हे सगळे अमेरिकेचे दुखणे म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २०१४च्या जानेवारीत अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. भांडणाची सुरुवात त्याच्या दिसण्यावरच्या शेरेबाजीने झाली होती. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडच्या तरुणांची देशभरातल्या शहरांत होणारी हेटाळणी नोंदवली. त्याआधी २०१२च्या ऑगस्टमध्ये अफवांमुळे बंगळुरू आणि पुण्यातून हजारो ईशान्यवासी गाड्या भरून निघून गेले होते. ब्यूटी पार्लर, हॉटेल, कॉल सेंटर अशा पुण्या-मुंबईतल्या नोकऱ्यांत ही मुलेमुली दिसतात. त्यांना चिनी, नेपाळी, काहीही समजले जाते आणि २०२०च्या साथीत तर थेट रोगाचे नाव त्यांच्या तोंडावर फेकले गेले. घटनेने दिलेले नागरिकत्व खिशात असून चेहऱ्यामुळे परके ठरणे म्हणजे काय, हे ती रोज अनुभवतात. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी ठामपणे मांडले आहे आणि ते विसरून चालणार नाही. पण पाहणाऱ्याची नजर दोन्हीकडे सारखीच काम करते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले, तेव्हा उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे जाण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश निघाली. २००७ सालचा हा निष्कर्ष आहे. आडनावावरून जात हुडकणाऱ्या महाराष्ट्राला त्याचे आश्चर्य वाटू नये.

मग करायचे काय? कंपन्या सध्या जे करतात ते बहुतांशी पीडिताच्या मनावर उपचार आहेत. समुपदेशन, ध्यान, ताण हाताळण्याची शिबिरे. ज्याला आज झोप लागत नाही त्याला त्यांची गरज आहेच, ती बंद करू नयेत. पण इजा जिथे होते ते ठिकाण त्यांमुळे बदलत नाही. पॅट्रिक क्लाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १०८ अतिबड्या कंपन्यांना सुमारे ८३ हजार अर्ज पाठवून २०२२ साली दाखवले, की भेदभाव सगळीकडे सारखा पसरलेला नाही. एकूण भेदातला जवळपास निम्मा वाटा वरच्या एक पंचमांश कंपन्यांकडे आहे, आणि जिथे नोकरभरती एका मध्यवर्ती विभागाकडून ठरलेल्या रीतीने होते तिथे तो कमी आहे. याचा अर्थ, जिथे एकट्या साहेबाच्या पहिल्या नजरेला मोकळे रान आहे तिथे तो फोफावतो. सर्वांना तेच प्रश्न, उत्तरांना आधीच ठरवलेले गुण, निवडीची लेखी कारणे आणि त्या कारणांची बाहेरून तपासणी, ही कंटाळवाणी वाटणारी कामे शिबिरांपेक्षा मोलाची आहेत. नुसते नाव झाकून मात्र भागत नाही. फ्रान्समध्ये निनावी अर्जांचा प्रयोग झाला, तेव्हा स्थलांतरित कुटुंबांतल्या आणि मागास वस्त्यांतल्या उमेदवारांचे उलट नुकसान झाले, बहुधा त्यांच्या शिक्षणातल्या किंवा नोकरीतल्या खंडांकडे समजुतीने पाहणेही त्याबरोबर संपले म्हणून.

कायद्याचा भाग शेवटी उरतोच. ब्रिटनच्या २०१० सालच्या समानता कायद्यात, माणूस प्रत्यक्षात त्या वंशाचा नसला तरी तसा समजून त्याला डावलले तर तोही, गुन्हा नसला तरी, दावा करण्याजोगा अन्याय ठरतो. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदांत ‘वंश’ हा शब्द आहे, पण सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीपुरता आहे. खासगी कंपनीने चेहरा, नाव किंवा आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवला, तर त्या उमेदवाराने सरळ जाऊन दाद मागावी असा सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. देशातल्या बहुतेक तरुणांना यापुढे नोकऱ्या मिळायच्या आहेत त्या खासगी क्षेत्रातच. तेव्हा हा कायदा होणे, आणि त्यात ‘समजलेला’ वंश, ‘समजलेली’ जात हे शब्द स्पष्टपणे लिहिले जाणे, ही मागणी नोकरदारांच्या संघटनांनी आणि मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन लावून धरायला हवी.